‘फक्त’ 19 फूट

पत्र

ताई,

चार वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी शिडाची होडी घेतली. फक्त 19 फूट लांब, आत चौघं जेमतेम आडवे होतील एवढी केबिन. मी, बायको, 9 वर्षांची मुलगी आणि 6 वर्षांचा मुलगा. क्लबात बाकीच्यांच्या बोटी 33, 36, 40 फुटांच्या. ते शेकडो मैलांच्या सफरींच्या गोष्टी सांगतात. आम्ही फक्त किनाऱ्याकिनाऱ्यानं जातो. आजवरची मोठ्यात मोठी सफर फक्त तीन दिवसांची आणि फक्त 22 सागरी मैलांची. या सुट्टीत जिद्दीनं सहा दिवसांचा बेत आखला, लांबच्या एका बेटापर्यंत. दुसऱ्या दिवशी 20 मैल कापायचे होते आणि वारा बरोबर समोरून. सहा तासांनी निम्म्यावरच होतो, दोन्ही मुलं ओकत होती. परत फिरलो. बायको म्हणाली, “पुढच्या वेळी तू तुझ्या मित्रांबरोबर जा.” येताना एका खाडीत गाळात रुतलो ते वेगळंच. सकाळी अकराला रुतलो, रात्री साडेनऊला सुटलो. लाजेनं मेल्यासारखं झालं. आणि मुलगी घरी आल्यापासून सगळ्यांना सांगते आहे की तो गाळातला दिवस सगळ्यात भारी होता!

कर्ज काढून 33 फुटी बोट घ्यावी असं मनात आहे. जागा मिळेल, वेग मिळेल, कदाचित बायकोही येईल. की आहे त्यात समाधान मानायला शिकावं? ते कसं शिकतात?

ता. क. सध्याच्या होडीला फक्त 4 अश्वशक्तीचं इंजिन आहे. पुरतं का?

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. ‘फक्त’ हा शब्द पाच वेळा आलाय: होडीला, किनाऱ्याला, दिवसांना, मैलांना आणि शेवटी बिचाऱ्या इंजिनाला. गाळाच्या वाक्यांत मात्र तो एकदाही नाही. साडेदहा तास एका जागी अडकलेल्या माणसाला ‘फक्त’ आठवलं नाही, याची मला गंमत वाटली.

समाधान मानायचं कसं, असं तुम्ही विचारता. ‘मानणं’ या शब्दातच घास गिळल्यासारखं काहीतरी आहे. मानून घ्यायचं ते मनाविरुद्धच असतं. तसा सल्ला मी देणार नाही, कारण मानून घेतलेलं समाधान क्लबातल्या पुढच्या गप्पांपर्यंतही टिकत नाही. आधी त्या फसलेल्या दिवसाचा हिशेब करू.

शिडाची होडी थेट वाऱ्याच्या तोंडावर जात नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. वाऱ्याच्या डावीउजवीकडे साधारण 45 अंश ठेवून नागमोडी जावं लागतं. म्हणजे नकाशावरचे 20 मैल पाण्यावर 28 होतात. शांत पाण्यात तुमची होडी त्या दिशेनं ताशी साडेतीन मैल कापेल. लाटा असल्या की तीन कापले तरी खूप, शिवाय ती आडवी सरकते, आणि आखूड होडी तीव्र कोन धरू शकत नाही. दहा-अकरा तास कुठेच जात नाहीत. सहा तासांनी तुम्ही निम्म्यावर होता म्हणजे होडी तिच्या वकुबाप्रमाणे अगदी नेमकी चालत होती. चुकला तो कागदावरचा बेत.

आता त्याच दिवशी 33 फुटी बोट घेऊन निघाला असतात तर? साध्या बांधणीच्या बोटीचा वेग तिच्या पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरतो. चालताना बोट स्वतःचीच एक लाट उठवते, आणि त्या लाटेच्या दोन माथ्यांमध्ये अडकून बसते. फुटांतल्या त्या लांबीचं वर्गमूळ काढायचं, 1.34 नं गुणायचं, की नॉटमधली, म्हणजे ताशी सागरी मैलांतली, वरची मर्यादा मिळते. तुमची होडी पाण्याला साडेसोळा फूट टेकत असेल तर साडेपाचच्या आत. 33 फुटीची ती लांबी 27 फूट धरा, म्हणजे सात. कर्ज काढून मिळणारा वेग तो एवढा, ताशी दीड मैल. समोरच्या वाऱ्यात ती पाच नॉटनं गेली असती तरी ते 20 मैल कापायला जवळपास सहा तास लागले असतेच. सहा वर्षांच्या मुलाला सहा तास आणि दहा तास यांत काही फरक कळत नाही. त्याला ओकायचं असतं ते पहिल्या दोन तासांतच.

बोटीची लांबी वाढते तशा तिच्या बाकीच्या गोष्टी सरळ प्रमाणात वाढत नाहीत, हेही कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी लक्षात घ्या. लांबीबरोबर रुंदी वाढते आणि खोलीही. 33 म्हणजे 19 च्या पावणेदोन पट, पण पावणेदोनचा घन पाचाच्या वर जातो. तुम्ही पावणेदोन होड्या घेणार नाही आहात, पाच घेणार आहात. पाच होड्यांचं वजन ओढायला शिडं, धरायला नांगर, खरवडायला तळ. सुट्टीचे दिवस मात्र तेवढेच राहणार.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमची होडी 21 फुटांची होती, कील, म्हणजे तळाखालचं पातं, वर उचलता येणारी. मुलं साधारण तुमच्या मुलांएवढी असताना एका ओळखीच्या कुटुंबानं त्यांची 36 फुटी बोट आठवडाभर वापरायला दिली. मी हरखून गेले होते. उभं राहता येत होतं, दार लावायचं शौचालय होतं, फ्रिज होता. तिसऱ्या दिवशी मुलगा केबिनमधून बाहेर यायलाच तयार होईना. मी विचारलं तर म्हणाला, “बाहेर माझं काही काम नाही.” खरंच नव्हतं. आमच्या होडीवर पुढच्या शिडाचा दोर त्याच्या ताब्यात असायचा. दोन्ही हातांनी, पाय टेकवून, जीभ बाहेर काढून तो ओढायचा आणि शीड खरोखर ताठ व्हायचं. या बोटीवर त्या दोराला एवढा ताण की तो ओढायला विंच, म्हणजे दोर गुंडाळायचा रहाट, लागायचा, आणि विंचजवळ मुलांनी बोटं न्यायची नाहीत हा पहिला नियम. सुकाणूचं चाक त्याच्या छातीला लागायचं. आमच्या नेहमीच्या खाड्यांच्या तोंडावरूनच परत फिरावं लागलं, कारण बोटीचा तळ पाण्याखाली जवळजवळ दोन मीटर जायचा. आमच्या होडीवर खलाशी असलेला मुलगा तिथे उतारू झाला होता.

लहान होडीची ही बाजू जाहिरातींत येत नाही. तिच्यावरचा प्रत्येक भार लहान मुलाच्या हाताला पेलणारा असतो. मुलांना कळतं की आपण सोडलं तर शीड फडफडेल, धरलं तर होडी चालेल. खोटं काम आणि खरं काम यांतला फरक त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतो. तुमच्या मुलीकडे कुठलं काम आहे, हे पत्रात आलं नाही. नसेल तर द्या. नांगराच्या दोराला दर 5 मीटरवर रंगीत फीत बांधायला सांगा आणि नांगर टाकताना किती दोर सोडायचा तो हिशेब तिलाच करू द्या. भरतीच्या वेळची खोली अधिक पाण्यापासून होडीच्या पुढच्या टोकाची उंची, त्याच्या पाच ते सात पट. नऊ वर्षांच्या मुलीला हे गणित सहज जमतं, आणि रात्री होडी जागेवर राहिली की सकाळी तिचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता बायकोच्या वाक्याकडे येते. “तू तुझ्या मित्रांबरोबर जा.” यात होडी लहान आहे अशी तक्रार मला कुठेच ऐकू आली नाही. मला ऐकू आलं ते असं: हा बेत तुझ्या मित्रांना दाखवण्यासाठी होता, आम्हाला त्यात ओढू नकोस. माझा कान चुकतही असेल. तुम्ही तिला विचारा, पण धक्क्यावर सामान उतरवताना नको, घरी, निवांत.

विचाराल तेव्हा आणखी एक गोष्ट विचारा. तुम्ही पाण्यात पडलात तर ती होडी फिरवून तुमच्यापर्यंत आणू शकते का? पुष्कळ घरांत शीड, इंजिन, नकाशा सगळं एकाच माणसाला येतं आणि दुसरं माणूस मुलांना सांभाळत मनात एकच विचार करत असतं: याला काही झालं तर मी काय करणार? या भीतीला आपण ‘तिला समुद्राची आवड नाही’ असं नाव देऊन मोकळे होतो. मीही अशी पाच वर्षं घालवली. मग एका सकाळी हलक्या वाऱ्यात नवरा कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या उघड्या बैठकीच्या, कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला, रिकामा कॅन पाण्यात टाकला आणि म्हणाला, “तो मी.” पहिल्यांदा मी त्याला चिरडलं, दुसऱ्यांदा हरवलं. सातव्या-आठव्या खेपेला होडी कॅनच्या शेजारी शिडं फडफडत थांबली. त्या दिवसानंतर मी बेत आखण्यात बोलायला लागले. इंजिन लावून कराल तर माणूस जवळ येताच ते न्यूट्रलमध्ये टाकायचं, पंख्याचं भान ठेवायचं. आणि पाण्यातून हाताला येईल अशी शिडी मागे हवीच. भिजलेल्या मोठ्या माणसाला नुसत्या हातांनी वर ओढणं एकटीला शक्य नसतं. लाइफ जॅकेट सगळ्यांना, मुलांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून येणारा पट्टा, नाहीतर मूल खाली आणि जॅकेट वर राहतं.

आमच्याकडे आणखी एक नियम होता. चौघांपैकी कोणीही “फिरू या” म्हटलं की फिरायचं. कारण विचारायचं नाही, आणि संध्याकाळी तोंड पाडून बसायचं नाही. हा शेवटचा भाग नवऱ्याला सगळ्यात जड गेला. मुलगा दोनदा उगाचच म्हणाला, बघायला, की खरंच फिरतात का. फिरलो. मग त्यानं पुन्हा उगाच म्हटलं नाही.

तुमच्या होडीचा दिवस किती लांब असावा? माझं मत विचाराल तर तीन तास, दहाएक मैल, आणि जेवणाच्या वेळेआधी नांगर. किनाऱ्याजवळ स्वच्छ हवेत रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, बहुधा मऊ. उन्हानं जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. पहाटे मतलईवर निघून दुपारच्या आत थांबलात तर दिवसाचं उत्तम तेवढं तुमच्या वाट्याला येतं. लाटांवर पांढरे तुरे वरचेवर दिसायला लागले म्हणजे वारा 11 ते 16 नॉटच्या पट्ट्यात आलाय. मुलं बरोबर असताना मी त्याआधीच शीड आखडते. 10 चा वारा 15 झाला की शिडावरचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गानं वाढतो. होडी कलली, मूल घाबरलं, की ते पुढचं वर्षभर लक्षात ठेवतं.

मळमळणाऱ्या मुलाला केबिनमध्ये झोपवू नका, पुस्तक देऊ नका. बाहेर, होडीच्या मध्यावर बसवा, क्षितिजाकडे बघायला सांगा. सगळ्यात चांगलं म्हणजे सुकाणू हातात द्या. औषध लागत असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, धक्क्यावर नाही.

दुपारी नांगर पडला की उरलेला दिवस ही खरी सफर. मोठ्या बोटीवाले मित्र ज्याला पोचणं म्हणतात, तिथून तुमच्या मुलांचं सुरू होतं. होडीच्या कडेवरून हात खाली सोडला की पाणी लागतं, चिखलात खेकडे दिसतात, ओहोटीनं उघडी पडलेली वाळूची जीभ तासाभरात पुन्हा बुडते. तुमच्या मुलीला गाळातला दिवस का आवडला याचं मला मुळीच नवल नाही. चार वर्षांत बहुधा पहिल्यांदाच बाबाला कुठे पोचायचं नव्हतं.

त्या गाळाविषयी एक गोष्ट. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते. तुम्ही अकराला रुतलात आणि साडेनऊला सुटलात, म्हणजे भरती दहाच्या सुमारास उलटली होती आणि तुम्ही पाणी उतरू लागल्यावर तासाभरानं त्या खाडीत शिरलात. गाळात चाचपडत शिरायचंच असेल तर पाणी चढत असताना शिरा. टेकलात तरी थोड्या वेळात पाणीच उचलून देतं. आणि उधाणाच्या भरतीच्या अगदी माथ्यावर कधीच नाही. त्यानंतर भांगाकडे, म्हणजे सगळ्यात कमी भरतीच्या दिवसांकडे, जाताना रोजची भरती कमी कमी होत जाते, आणि तिथे रुतलेली होडी पंधरवडाभर तशीच बसू शकते. मुलीला तेही आवडेल कदाचित, तुमच्या ऑफिसला नाही.

लहान होडीचाही एक माज असतो, तो येऊ देऊ नका. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्यानं 24 फुटांच्या, इंजिन नसलेल्या सेराफिन या होडीतून 11 वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. हे उदाहरण ‘लहान होडीत काहीही जमतं’ म्हणून सांगितलं जातं. जमतं, त्यांना. होडी त्यांनी स्वतः बांधली होती, दोघंही पट्टीचे खलाशी, आणि बरोबर लहान मूल नव्हतं. तसंच बर्नार मॉतेस्ये या फ्रेंच खलाशाचं. 1969 मध्ये एकट्यानं करायच्या जगप्रदक्षिणेची शर्यत अर्धवट सोडून ते परस्पर ताहितीला निघून गेले, आणि समुद्रावरच्या समाधानाची गोष्ट निघाली की त्यांचं नाव येतंच. मला मात्र दर वेळी त्यांची घरी वाट बघत बसलेली बायको आठवते. कुटुंबासह फिरणाऱ्यानं त्यांच्याकडून फार काही उचलू नये.

मोठी बोट कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. मुलगी चौदाची होईल, तिला कपडे बदलायला आडोसा लागेल, मुलाचे पाय केबिनबाहेर येतील. बायको स्वतःहून म्हणाली की पाठ दुखते, बसता येईल एवढी उंची हवी, तर बघा. 23-24 फुटांतही ती मिळते. तोवर बूमवरून, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावरून, टाकायचा एक चांगला तंबू शिवून घ्या. कॉकपिट झाकलं की रात्रीपुरती जागा दुप्पट होते. इयान प्रॉक्टर यांनी 1957 मध्ये आखलेल्या वेफेरर या जेमतेम 16 फुटी उघड्या होडीत लोक अशाच तंबूखाली झोपून सफरी करतात. दुसरी खरेदी जाड गाद्यांची. आणि तिसरी, जिच्याबद्दल कोणी पत्रात लिहीत नाही पण जी कितीतरी बायकांना होडीवर यावंसं वाटण्या-न वाटण्याचं खरं कारण असते: झाकणाची बादली, तिच्याभोवती नीट बंद होणारा पडदा, आणि तो पडदा लागला की सगळ्यांनी पाठ करून बसायचं हा कडक कायदा. हे तिन्ही करून एक अख्खा मोसम काढा. कर्ज पळून जात नाही.

क्लबात जाणं बंद करू नका, पण पुढच्या वेळी गाळाची गोष्ट तुम्ही सांगा. नाही तर मुलीला सांगू द्या. शेकडो मैल गेलेल्या मंडळींकडेही गाळाच्या गोष्टी असतात, कोणीतरी आधी सांगायची ते वाट बघत असतात.

ता. क. इंजिन पुरतं. 19 फुटी होडीला शांत पाण्यात आणि बंदरात शिरायला-निघायला 4 अश्वशक्ती भरपूर. जोरदार समोरच्या वाऱ्यात ते तुम्हाला पुढे नेणार नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर बेत आखू नका. ओढायच्या दोरीची एक जादा दोरी, स्पार्क प्लग आणि तो काढायचा पाना होडीतच ठेवा. पान्यालाही दोरी बांधून ठेवा, आमचे दोन समुद्रात आहेत.